कोंडा, मेंढी आणि खाचर

भाताची कापणी उरकली की घाटावरची मेंढरं कोकणात उतरू लागतात. पुणे, सातारा, अहिल्यानगर भागातले धनगर दिवाळीच्या आगेमागे घाट उतरून पेण, सुधागड, रोहा, माणगाव या तालुक्यांत येतात, खाचराखाचरांतून मुक्काम करत उन्हाळा काढतात आणि मृगाआधी परत वर चढतात. दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणाऱ्या त्या पावसात लोकर भिजून राहते, खुरं सडतात, पोटात जंत माजतात. म्हणून हे येणंजाणं ऋतूशी बांधलेलं आहे. नागोठण्याभोवती, अंबा नदीच्या काठाकाठानं पसरलेल्या भातशेतीत या मेंढरांना कामही असतं. शेतकरी आपल्या खाचरात मेंढ्या बसवून घेतो, रात्रभराच्या लेंडीमुताचं खत त्याला मिळतं, आणि त्याबद्दल तो मेंढपाळाला तांदूळ किंवा रोकड देतो. याच पट्ट्यात भातगिरण्या आहेत, पेणकडे पोह्याच्या गिरण्या आहेत, आणि तिथून कोंडा, कणी, तूस बाहेर पडतं. शेतमालावर प्रक्रिया केल्यावर जे उरतं ते मेंढीला खाऊ घालावं का, हा प्रश्न इथं दाराशी उभा आहे.

माझं म्हणणं असं, की घालावं. चराई सोडून नव्हे, चराईच्या जोडीला. आणि असं घालावं, की त्या कोंड्यातलं सत्त्व शेवटी त्याच खाचरात परत जाईल. या म्हणण्यावरचे सर्वांत वजनदार आक्षेप मेंढपाळाकडूनच येतात. पशुआहाराच्या पुस्तिका बहुधा त्याचं ऐकून न घेता लिहिल्या जातात. म्हणून ते आक्षेप इथं त्याच्या तोंडी घालून पुरते मांडले आहेत.

मेंढपाळ : साहेब, मेंढरू चालतं म्हणून जगतं. रोज नवं शिवार, नवा पाला. आमच्या बापजाद्यांनी पोत्यातलं खाणं कधी विकत आणलं नाही. आज तुम्ही म्हणता मूठभर कोंडा घाला, उद्या म्हणाल शेड बांधा, परवा म्हणाल कर्ज काढा. बंदिस्त पालनाच्या जाहिराती आम्हीही बघतो. त्यात मेंढी दिसते, मेंढपाळ दिसत नाही.

लेखक : मामा, चालण्यावरून तुमचं-माझं भांडण नाही, आणि कोकणात तर मुळीच नाही. बंदिस्त पालनाचा हिशेब वेगळ्या मुलखात जमतो. सांगली-सोलापूरकडे हवा कोरडी असते, उसाचं वाढं, मक्याचा मुरघास, तुरीची चुणी हाताशी असते, आणि माडग्याळ जातीच्या देखण्या नराला बकरी ईदच्या बाजारात गिऱ्हाईक असतं. तिथं एखाद्यानं चार-सहा नर बांधून पोसले तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तो प्रकार उचलून नागोठण्याच्या दमट हवेत आणणं आणि दोनशे मेंढ्या शेडमध्ये कोंडणं म्हणजे रोग विकत घेणं आहे. तेव्हा शेडचा विषय इथंच सोडू. माझा प्रश्न निराळा आहे. तुमची मेंढरं खाचरात खातात काय? झडलेला दाणा, भाताची धसकटं, बांधावरचं वाळलं गवत, वाल काढल्यावर मागं राहिलेला पाला आणि टरफलं. हे बहुतेक सगळं माणसाच्या पिकाचं उरलेलंच आहे. गिरणीतला कोंडा हा त्याच दाण्याचा आणखी एक उरलेला भाग. एवढंच, की तो शेतात न पडता गिरणीत पडतो. मेंढीच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा या उरलेल्यासाठीच घडला आहे. तिथं राहणारे सूक्ष्म जीव असं खाणं फोडतात जे आपल्या पोटात तसंच्या तसं राहिलं असतं, आणि पुढे ते जीवच मेंढीला प्रथिन म्हणून मिळतात. मेंढीला चारणं म्हणजे आधी या जिवांना चारणं.

आता या जिवांची भूक बघा. त्यांना चाऱ्यात साधारण सात टक्के तरी प्रथिन लागतं. भाताच्या पेंढ्यात ते तीन-चार टक्के असतं, शिवाय वाळूसारखी सिलिका भरपूर. फाल्गुनानंतर खाचरातलं हिरवं संपतं, वालाचा पाला संपतो, उरतं ते धसकट आणि करपलेलं गवत, त्याची गतही पेंढ्यासारखीच. असा चारा पोटात गेला की जीव उपाशी राहतात, तो फोडायला वेळ लागतो, पोट रिकामं होत नाही म्हणून मेंढी नवा चारा तोंडात घेत नाही. पोट भरलेलं दिसतं आणि मेंढी वाळत जाते. बैल एकवेळ पेंढ्यावर निभावतो. मेंढीचं पोट लहान, तोंड चोखंदळ, ती काडी टाकून पान वेचते. अशा वेळी थोडं प्रथिन बाहेरून दिलं तर तेच जीव जोमानं कामाला लागतात आणि तीच मेंढी तेच करपलेलं गवत जास्त खाते, जास्त पचवते. पूरक खुराकाचं मर्म इथं आहे. तो चराईला हटवत नाही, उलट चैत्र-वैशाखातल्या नि:सत्त्व चराईला अर्थ आणतो. तुमच्या बापजाद्यांना त्याची गरज भासली नसेल, कारण त्यांना शिवार मोकळं होतं. आज डोलवहाल बंधाऱ्याच्या कालव्यावर रोहा-माणगावात उन्हाळी भात उभं असतं, मुंबई-गोवा रस्ता रुंद झाला, धाटावची औद्योगिक वसाहत आणि नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आपापली जागा घेऊन बसले. मेंढी तितकीच चालते, पण तेवढ्या चालण्यात तिच्या पोटात पूर्वीइतकं जात नाही.

मेंढपाळ : बरं, कोंडा घातला. पण गिरणीवाला कोंडा म्हणून जे देतो त्यात निम्मं तूस असतं, मेंढरू हुंगून सोडून देतं. आणि कोंड्यावर पोसलेले नर मुतायचे थांबतात, तळमळून मरतात. हे आम्हाला माहीत आहे, तुमच्या पुस्तिकेत आहे का?

लेखक : तुमचे दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि दोन्हींमागं कारण आहे. शंभर किलो भात भरडलं की ढोबळमानानं वीस-बावीस किलो तूस, सात-आठ किलो कोंडा आणि बाकी तांदूळ-कणी निघते. जुन्या हलर गिरणीत सालपट काढणं आणि तांदूळ सडणं एकाच नळकांड्यात होतं, त्यामुळे तूस चुरडून कोंड्यात मिसळतं. रबरी रोलरच्या गिरणीत तूस आधी वेगळं होतं आणि पॉलिशच्या यंत्राखाली येतो तो खरा कोंडा. तो चिमटीत घ्या: मऊ, किंचित तेलकट, बोटांना चिकटणारा, गोडसर वासाचा. हलरचा कोंडा तळहातावर चोळला की टोचतो आणि फुंकर मारली की हलके तुकडे उडतात. पहिल्यात बारा ते चौदा टक्के प्रथिन असतं, दुसऱ्यात प्रथिन थोडं आणि सिलिका बरीच. मेंढीनं हुंगून सोडलं, तिचं बरोबर आहे. तुसाची जागा कोंबड्यांच्या शेडमधल्या अंथरुणात किंवा भट्टीत. ते खाण्यात नको. हा फरक गिरणीच्या दारात, पैसे देण्याआधी बघायचा.

नरांच्या मुतखड्याचं कारण अधिक बघण्यासारखं आहे. भाताच्या दाण्यातलं स्फुरद बहुतेक सगळं त्या पातळ कोंड्याच्या थरात साठलेलं असतं. कोंड्यात दीड टक्क्याच्या आसपास स्फुरद आणि त्यामानानं कॅल्शियम नावापुरतं. मेंढीच्या खाण्यात कॅल्शियम स्फुरदाच्या दीड ते दोन पट हवं. कोंडा सढळ हातानं घातला की हे प्रमाण उलटं होतं, जादा स्फुरद मुतात उतरतं आणि खडे धरतात. मादीची मूत्रनलिका रुंद, तिचं निभावतं. नराची अरुंद आणि वाकडीतिकडी, विशेषतः लहानपणी खच्ची केलेल्याची, तो अडतो. उपाय महागडा नाही. कोंडा एकूण खुराकाच्या निम्म्यापर्यंतच ठेवायचा, शंभर किलो मिश्रणात दीड-दोन किलो चुनखडीची बारीक भुकटी आणि किलोभर मीठ घालायचं, पाणी कमी पडू द्यायचं नाही, आणि ज्या नरांना नुसतं वाढवायचं आहे त्यांना कोंड्यापेक्षा वालाचं भुसकट आणि चुणी जास्त द्यायची. कडधान्याच्या भुसकटात पेंढ्याच्या दुपटीहून अधिक प्रथिन असतं आणि कॅल्शियमही बरं असतं. रायगडात भातामागून वाल होतो, त्याचं भुसकट खळ्यावर निघतं. या जिल्ह्यातलं मेंढीसाठीचं सर्वांत चांगलं उरलेलं तेच, असं माझं मत आहे. पुष्कळ ठिकाणी ते पेटवून दिलं जातं, हे मला फार लागतं.

तेलाचीही एक मर्यादा आहे. ताज्या कोंड्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि दळल्या क्षणापासून त्यातलं विकर ते तेल फोडू लागतं. दमट हवेत कोंडा काही दिवसांतच खवट होतो. शिवाय जास्त तेल पोटातल्या जिवांना सोसत नाही, काडी पचवणारे जीव मंदावतात. म्हणून ताजा कोंडा आठवड्याचाच आणावा. तेल काढलेला मिळाला तर तो टिकतो आणि सोसतोही. कणी तर मोजूनच. धान्याच्या राशीवर पडलेलं मेंढरू फुगून मरतं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. अचानक बदललेल्या खुराकानं आंत्रविषार होतो, म्हणून कुठलाही नवा खुराक दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवायचा आणि त्याआधी आंत्रविषाराची लस टोचलेली हवी.

मेंढपाळ : एवढं सगळं सांभाळायचं म्हणजे जोखीमच की. आणि कारखान्याचं उरलेलं म्हटलं की माझा विश्वास बसत नाही. पेंडीला बुरशी असते, कुठलं रसायन मिसळलंय कळत नाही. नागोठण्यात कारखान्यातून काय बाहेर पडतं, हे इथल्या माणसाला विचारा.

लेखक : अविश्वास बरोबर आहे आणि त्याला जगाचा पुरावा आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्कीची पिल्लं मेली. कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. अफ्लाटॉक्सिन हे विष तिथून जगाला कळलं. त्याच देशात गुरांना मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी खाऊ घातली गेली आणि १९८६ साली वेड्या गायींचा रोग ओळखला गेला. दोन्ही वेळा स्वस्तात मिळतं म्हणून काहीही खाऊ घातलं गेलं आणि ते कुठून आलं, कसं साठवलं, हे कुणी पाहिलं नाही. यातून मी नियम काढतो तो साधा आहे. रवंथ करणाऱ्या जनावराला वनस्पतीचंच उरलेलं द्यावं, जनावराचं कधीच नाही. मूळ पीक कोणतं आणि ते कुठल्या गिरणीतून आलं हे ज्याचं सांगता येतं तेच घ्यावं. रासायनिक कारखान्याच्या गाळाचा, सांडपाण्याचा या चर्चेशी काही संबंध नाही. ते पाणी मेंढीला पाजूही नये. शेंगदाणा पेंड, मका आणि मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा यांत बुरशीचं विष असण्याची शक्यता जास्त, आणि चोथ्यात तर ते मूळ मक्याच्या जवळपास तिप्पट होऊन उतरतं. कोकणात असं काही साठवून ठेवणं धोक्याचं. ढेकूळ धरलेली, हिरवट, कुबट वासाची पेंड मेंढीला घालायची नाही, मग ती कितीही पैसे मोजून आणलेली असो.

मेंढीच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, तो गाईवाल्यांना सहसा ठाऊक नसतो. मेंढीला तांबं सोसत नाही. गाईसाठी किंवा कोंबड्यांसाठी केलेलं खनिज मिश्रण, तसंच कोंबड्यांच्या शेडमधला केर, यांत तांबं मेंढीच्या मानानं जास्त असतं. ते यकृतात साठत जातं आणि मग एक दिवस मेंढी पिवळी पडून मरते. दुकानदार गाईचं पोतं पुढं करील, ते घेऊ नका, मेंढीसाठीचं वेगळं मागा. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करायची रीतही अशीच नियमानं पाळायची: शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवायचं, मग उघडून वारा लागू द्यायचा. प्रथिन दुपटीच्या जवळ जातं आणि काडी मऊ होते. पण फिरत्या वाड्यानं, म्हणजे मेंढपाळांच्या तांड्यानं, हे करू नये, असंच मी म्हणेन. एका जागी तीन आठवडे राहता येत नाही आणि युरियाच्या पाण्यावर एखादं कोकरू गेलं तर ते वाचत नाही. हे काम पेंढा ज्याच्या अंगणात आहे त्या शेतकऱ्यानं करावं.

जोखीम आहे म्हणून विषयच नको, असं मात्र होत नाही. ट्युनिशिया, मोरोक्को, इराक या कोरड्या देशांतल्या मेंढपाळांपुढं हाच प्रश्न होता. तिथं ऑलिव्हचा चोथा, टोमॅटोचा चोथा, खजुराचा लगदा असं उरलेलं थोडी मळी, थोडा युरिया आणि चुना घालून विटांसारख्या ठोकळ्यांत बांधलं गेलं. मेंढी ठोकळा चाटते, एका वेळी जास्त खाऊ शकत नाही, आणि दिवसभर चरायला मोकळी असते. आपल्याकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं १९८०च्या दशकात युरिया-मळीचे चाटण ठोकळे आणले ते गाईम्हशींसाठी. मेंढीसाठी, तांब्याचं भान ठेवून, तसा ठोकळा कोकणात उतरणाऱ्या वाड्यांपर्यंत पोचवणं हे खरं तर पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं काम आहे.

मेंढपाळ : तुम्ही म्हणता ते कळलं. पण साहेब, कोंडा आज फुकट कुठं आहे? गिरणीवाला तो तेलवाल्याला विकतो. आमच्या हातात रोकड कमी, बिऱ्हाड पाठीवर. आणि जुळी देणाऱ्या मेंढ्या आणा म्हणून सांगणारे वेगळेच. दोन कोकरांना पाजायला आईच्या अंगात काय आहे?

लेखक : शेवटचं आधी घेतो, कारण ते तुम्ही अगदी नेमकं पकडलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गारोल मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि नारी सुवर्णा तयार झाली. काम मोठं आहे, पण त्या मेंढीला पोटभर आणि सकस मिळालं तरच दुसरं कोकरू जगतं. गाभण काळ पाच महिन्यांचा, आणि पोटातल्या कोकराची सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या सहा आठवड्यांत आणि व्याल्यानंतर महिनाभर खुराक द्यायचा. वर्षभर पोसण्याची भाषा मी करतच नाही. तीस किलोच्या मेंढीला रोज दोनशे ग्रॅम मिश्रण धरा: निम्मा चांगला कोंडा, पाव तूरचुणी, पाव सरकी पेंड, वर चुनखडी आणि मीठ. त्यातून तीस-बत्तीस ग्रॅम प्रथिन जातं, म्हणजे नुसतं अंग टिकवायला जे लागतं त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोनशे मेंढ्यांना दिवसाला चाळीस किलो, म्हणजे नुसत्या व्यायच्या आधीच्या साधारण पंचेचाळीस दिवसांना अठरा क्विंटल. हे ओझं घोड्यावर वाहायचं नाही. ते मुक्कामाच्या गावातच, आठ-आठ दिवसांचं उचलायचं.

पैशाचा मुद्दा सर्वांत कठीण आहे आणि तो टाळून चालणार नाही. कोंडा ही टाकाऊ वस्तू राहिलेली नाही. त्यातून खाद्यतेल निघतं, तेल काढलेला कोंडा पशुखाद्यात जातो. पशुखाद्य महागलं तेव्हा, जुलै २०२३ मध्ये, केंद्र सरकारला तेल काढलेल्या कोंड्याची निर्यात बंद करावी लागली. मळी इथेनॉलला जाते, सरकी पेंड दुधाच्या गाईंना. ज्याला गिऱ्हाईक आहे त्याला भाव आहे, आणि त्या बाजारात एकटा मेंढपाळ शेवटचा उभा राहतो. पण त्याच्याकडे एक चीज आहे जी तेलवाल्याकडे नाही. तो खाचरात मेंढ्या बसवतो.

आता हा हिशेब त्या अंगानं बघा. आपल्या अठरा क्विंटल मिश्रणात नऊ क्विंटल कोंडा. त्यात तेरा-चौदा किलो स्फुरद. डीएपीच्या पन्नास किलोच्या पोत्यात दहा किलो असतं. एकूण मिश्रणातलं नत्र पंचेचाळीस किलोच्या घरात, म्हणजे युरियाच्या दोन पोत्यांइतकं. यातला काही भाग मेंढीच्या आणि कोकराच्या अंगी लागतो, काही चरताना बांधाबांधावर पडतो, पण बराच भाग रात्री ज्या खाचरात मेंढ्या बसतात तिथं उतरतो. आकडे डोळे दिपवणारे नाहीत, हे मान्य. पण भाताच्या दाण्यातून जे स्फुरद शेताबाहेर गेलं, ते कोंड्यासोबत दूरच्या तेल कारखान्यात गेलं की नागोठण्याच्या मातीत पुन्हा येत नाही. मग शेतकरी डीएपीचं पोतं आणतो, आणि त्या डीएपीचा कच्चा माल आपला देश मुख्यतः परदेशातून आणतो. कोकणच्या जांभ्या जमिनीत लोह जास्त, ते घातलेलं स्फुरद जखडून ठेवतं. लेंडीबरोबर सेंद्रिय पदार्थ आला तर ही पकड थोडी सुटते. कोंड्यातलं स्फुरद ज्या रूपात असतं ते कोंबडीला फारसं सुटत नाही, मेंढीच्या पोटातले जीव ते सोडवतात. म्हणजे भाताचा कोंडा खाऊन भाताच्या खाचरात बसणारी मेंढी मातीचं मातीला परत देते, आणि मधल्या मधे एक कोकरूही वाढवते. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते याहून दुसरं काय!

यातूनच मोबदल्याचा मार्ग निघतो. मेंढ्या बसवल्याबद्दल शेतकरी तांदूळ किंवा रोकड देतो, त्यातला काही भाग त्यानं कोंड्यात, वालाच्या भुसकटात आणि पेंढ्यात द्यावा. त्याचंच भात गिरणीत भरडलं जातं, त्याच्याच वाटणीचा कोंडा तिथं पडतो. बैल कमी होऊन पॉवर टिलर आले, तशी पेंढ्याची घरची गरजही पूर्वीइतकी राहिली नाही. त्याला रोकड काढावी लागत नाही, तुम्हाला रोकड मोजावी लागत नाही, आणि खाल्लेल्या खुराकाचं खत त्याच्याच जमिनीत पडतं. चुणी आणि पेंड तेवढी विकत लागेल. ती पाच-सहा वाड्यांनी मिळून, घाट उतरतानाच एकत्र उचलली तर भाव बरा मिळेल. राज्य सरकारची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ पासून आहे. तिच्यात मुरघासाच्या गासड्या बांधण्याचं यंत्र आणि पशुखाद्याचा कारखाना यांनाही अनुदान ठेवलं आहे. त्यातला एखादा छोटा कारखाना रायगडातल्या भातगिरण्यांच्या शेजारी, मेंढीचं मिश्रण करणारा असा का उभा राहू नये?

मेंढपाळ : शेतकरी हल्ली मेंढरं बसवायलाच कां-कू करतो. पोत्यातलं खत दुकानात मिळतं. आणि वनखात्याच्या माणसानं हटकलं, गावानं हाकललं, तर कोंडा पोत्यातच राहील. तुमचा हिशेब आम्ही मुक्काम करू शकलो तरच खरा.

लेखक : हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. सकस खुराकानं चराईचा हक्क मिळत नाही, आणि मुक्कामाला जागाच नसेल तर माझं सगळं गणित कोलमडतं. म्हणूनच हा विषय फक्त पशुआहाराचा राहत नाही. महाराष्ट्रात २०१९च्या पशुगणनेत सत्तावीस लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ अशाच दुसऱ्याच्या शिवारावर जगतात. त्यांच्यासाठी कागदावर खुराक ठरवून उपयोग नाही, मुक्काम ठरला पाहिजे. शेतकऱ्याला मेंढ्या बसवण्यात आज जो फायदा दिसत नाही, तो सकस खाल्लेल्या मेंढीच्या खतात अधिक आहे, हे त्याला त्याच्याच खाचरात, शेजारशेजारच्या दोन वाफ्यांत दाखवता येईल. एका वाफ्यात नुसत्या चरणाऱ्या मेंढ्या बसवा, दुसऱ्यात खुराक खाणाऱ्या, आणि पुढच्या हंगामात भात तोलून बघा. कर्जतचं भात संशोधन केंद्र जवळच आहे, दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे. अशा चाचणीला मोठा निधी लागत नाही. मेंढपाळाला घेऊन बसायची तयारी लागते.

नागोठणे, पेण, रोहा इथल्या शेतकऱ्यांना आणि गिरणीमालकांना माझी विनंती आहे. यंदा भात भरडायला नेताना आपल्या कोंड्यातला काही वाटा बाजूला ठेवा, वालाचं भुसकट पेटवू नका, आणि दिवाळीनंतर वाडा आला की खाचरात मेंढ्या बसवण्याचा मोबदला त्यातून द्यायची बोली मेंढपाळाशी आधीच करा.